साथ, सोबत आणि गाणं

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा मागणी अगदी सोपी होती. "दोन गाणी म्हण आणि पंधरा-वीस मिनिटं बोल. नोकरी करून गाणं कसं सांभाळलंस ते सांग, पोरांना प्रेरणा मिळेल." मी म्हटलं, गाणी म्हणते, पण बोलायचं असेल तर विषय मी निवडणार. गाणं सांभाळताना कोण कोण सुटलं, त्यावर बोलेन. पलीकडे जरा शांतता झाली. मग उत्तर आलं, "बोल, पण रडवू नको. तुझं झालं की लगेच जेवण आहे, शेवभाजी केली आहे." तेव्हा रश्शातली शेव मऊ पडायच्या आत मी संपवणार आहे.

मला बहुतेक जण विचारतात, "आयटीतली नोकरी, घर, मूल आणि वर शास्त्रीय गाणं. वेळ कुठून आणतेस?" वेळ कुठून आणता येत नाही, तो कशातून तरी काढावाच लागतो. ऑफिसातून काढता येत नाही, कारण घराचा हप्ता तिथून जातो. घरातून थोडा निघतो, फार नाही. झोपेतून निघतो, पण त्याची वसुली आवाजातून होते. मग उरतो मित्रमैत्रिणींचा वेळ. त्याचा हप्ता कुणी मागत नाही, त्यामुळे पहिला तोच जातो. क्लास शनिवार-रविवारी, मित्रमंडळी भेटतात तेही शनिवार-रविवारीच. पुण्यात आपल्या खान्देशी लोकांची भरीत पार्टी डिसेंबरात, आणि सवाई गंधर्व महोत्सवही डिसेंबरातच. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरात. म्हणजे ऐन लग्नसराईत. प्रवेशिकेपासून विशारद पूर्णपर्यंतच्या माझ्या परीक्षा तुमच्यापैकी कुणाकुणाच्या लग्नाच्या आसपास झाल्या, ते मी आजही सांगू शकते.

आधी थोडं आपल्या शाळेविषयी. आपल्या पेटीतला खालच्या सप्तकातला एक सूर बोलत नसे, आठवतं? भाता व्यवस्थित चालायचा, बाकीचे सूर वाजायचे, पण ती एक पट्टी दाबली की नुसतीच हवा. संगीताच्या बाई तो सूर तोंडाने म्हणून भरून काढायच्या आणि वाजवत राहायच्या. बाई, आज तुम्ही समोर बसला आहात म्हणून सांगते, सूर हातातून सुटला तर गळ्यातून धरता येतो, हे मी त्या पेटीवर शिकले. धुळ्याला समूहगीत स्पर्धेला एसटीने गेलो होतो. नरडाण्यापर्यंत सगळे जोरात गात होते, सोनगीरला पोचेपर्यंत निम्म्यांचे घसे बसले होते. बक्षीस मिळालं नाही. पण परत येताना मोठ्या पुलावरून तापी ओलांडली तेव्हा बाईंनी आम्हा दोघींना यमनचं सरगमगीत म्हणायला लावलं, आणि अख्खी गाडी गप्प बसून ऐकत होती.

दोघींना म्हणजे मला आणि माझ्या बाकावरच्या मैत्रिणीला. तिचं नाव मी घेणार नाही. आपल्या तुकडीतले सगळे ओळखतीलच. आज इथे काय बोलणार आहे ते मी तिला आठवड्यापूर्वी लिहून पाठवलं होतं, आणि तुझी हरकत असेल तर हा भाग गाळते, असंही कळवलं होतं. तिचं एका शब्दाचं उत्तर आलं, "सांग." म्हणून सांगते आहे.

मी बारावीनंतर जळगावला अभियांत्रिकीला गेले. चोपडामार्गे एसटी, वसतिगृह, जर्नल्स, सबमिशन. चार वर्षांत गाणं झालं ते फक्त गॅदरिंगला. २००२ मध्ये पदवी मिळाली तेव्हा आयटीत मंदी होती, त्यामुळे नोकरीसाठी पुण्यात पायपीट झाली. स्थिरस्थावर झाल्यावर २००६ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, मी पुन्हा गाण्याच्या क्लासला जाऊन बसले. शेजारी दहा-बारा वर्षांच्या मुली आणि मधे मी.

पुढची सात-आठ वर्षं कशी गेली कळलं नाही. २०१४ मधली गोष्ट. ऑफिसात रिलीजची रात्र होती. आमच्या धंद्यात रिलीजच्या रात्री काम अर्धा तास आणि वाट बघणं सहा तास असतं. तसल्या रिकाम्या वेळात मी फोनमधली नावं चाळत होते. एकेकाळी जिच्याशी रोज बोलायचे अशा माणसांची नावं. अभियंत्याला दुःख झालं तरी तो एक्सेल उघडतो, तशी मी उघडली. चौदा नावं निघाली. प्रत्येकासमोर लिहिलं, शेवटचं मोकळं बोलणं कधी झालं आणि ते का थांबलं.

माझी मनातली समजूत अशी होती की गाण्याने माझ्या सगळ्या मैत्रिणी नेल्या. तक्त्यात मात्र वेगळंच दिसलं. पाच जण परदेशी किंवा बदलीच्या गावी गेले होते. तिघी लग्नानंतर सासरच्या गोतावळ्यात इतक्या गुंतल्या की मी गात असते किंवा नसते, फरक पडला नसता. तिघांच्या घरी लहान मुलं आणि आजारी आईवडील होते. एकाशी पैशावरून बिनसलं होतं. ही झाली बारा नावं. गाण्यामुळे सुटलेल्या मैत्रिणी उरल्या दोन.

तुमच्यापैकी कुणाला असं एकटं वाटत असेल तर माझी पहिली विनंती हीच, की एकदा असा कागद करा. आपण सगळ्या रिकाम्या जागांचा दोष एकाच गोष्टीला देतो. कुणी नोकरीला देतो, कुणी बायकोला, कुणी मोबाइलला, मी गाण्याला देत होते. त्यामुळे गाताना अपराधी वाटायचं आणि गप्पा मारताना रियाज बुडाल्याची टोचणी लागायची. कागदावर नावं आली तेव्हा निदान बारा जणांपुरतं ते ओझं उतरलं.

आता त्या दोघी. पहिली क्लासमधली सहाध्यायी. आम्ही चार वर्षं एकाच तानपुऱ्याशी बसून शिकलो. एका बाहेरच्या कार्यक्रमासाठी दोघींतून एकीला निवडलं गेलं आणि ती मी होते. त्यानंतर तिने बोलणं थांबवलं, आणि काही महिन्यांनी तिने क्लासही बदलला. मी दोनदा भेटायला गेले, दोन्ही वेळा चहा मिळाला, बोलणं मिळालं नाही. तिसऱ्यांदा गेले नाही.

गाण्याच्या जगात हे नवीन नाही. बालगंधर्व लहानपणी काही काळ आपल्या जळगावला होते, गाण्याचे सुरुवातीचे धडे त्यांनी तिथेच मेहबूबखाँ यांच्याकडे घेतले. जळगावच्या खुल्या नाट्यगृहाला त्यांचं नाव आहे, म्हणून ते मला आपलेच वाटतात. १९११ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीने खाडिलकरांचं 'मानापमान' रंगभूमीवर आणलं. भामिनी बालगंधर्व, आणि चाली गोविंदराव टेंबे यांच्या. दोनच वर्षांनी, १९१३ मध्ये, बालगंधर्व, टेंबे आणि गणपतराव बोडस असे तिघे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. तिघे भागीदार, तिघे सवंगडी. थोड्याच वर्षांत टेंबे बाहेर पडले आणि त्यांनी शिवराज नाटक मंडळी काढली. पुढे बोडसही गेले. कोणाचं बरोबर आणि कोणाचं नाही यात मी शिरत नाही. मला त्यातली पुढची गोष्ट महत्त्वाची वाटते. टेंबे गेले, पण बालगंधर्वांनी 'मानापमान' सोडलं नाही, आणि त्यातल्या टेंब्यांच्या चालीही सोडल्या नाहीत. भागीदारी मोडल्यावरही ते वर्षानुवर्षं त्याच चालीत गात राहिले.

याच नाटकाची आणखी एक आठवण आहे. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झालं. गंधर्व मंडळीचे बालगंधर्व आणि ललितकलादर्शचे केशवराव भोसले, म्हणजे त्या काळचे दोन मोठे प्रतिस्पर्धी, एका रंगमंचावर आले. लोक आजही त्या रात्रीविषयी बोलतात. आणि तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले. वय अवघं एकतीस. भेटायचं ठरवलं की भेटून घ्यावं, हे मला त्या तारखांकडे पाहिलं की वाटतं. आजच्या मेळाव्याला पुण्याहून यायचं की नाही अशी माझी चलबिचल होती, तेव्हा याच दोन तारखा डोळ्यांसमोर आल्या.

त्या सहाध्यायिनीच्या बाबतीत मला टेंब्यांच्या चालींनी वाट दाखवली. तान लांबवताना मधेच श्वास कुठे घ्यायचा, हे मला तिने शिकवलं होतं. गुरूंनी नव्हे. ती जागा मी आजही तिचीच घेते. मैत्री संपली म्हणून ती जागा टाकून द्यायची काही गरज नाही. कार्यक्रमात नाव विचारलं तर मी नावही सांगते, की ही जागा अमकीकडून शिकले.

दुसरी, आपली बाकावरची मैत्रीण. हे सांगायला अवघड आहे.

तिचा आवाज माझ्यापेक्षा चांगला होता. हे मी आज नम्रतेने म्हणत नाही, बाई साक्षीला आहेत. बारावीनंतर तिचं लग्न झालं आणि गाणं थांबलं. कोणी बंदी घातली असं नाही. सकाळी पाणी भरणं, दुपारी दुकानाचा हिशेब, संध्याकाळी माणसांचं येणं-जाणं, यात गाण्याला जागाच नव्हती. तरी आमचं बोलणं चालू होतं. पुण्यात मी शिकायला लागले तेव्हा सगळ्यात आधी तिला कळवलं. नवीन बंदिश शिकले की रेकॉर्ड करून तिला पाठवायची. २०११ मध्ये एके दिवशी तिचा फोन आला. म्हणाली, "तुझ्यावर राग नाही बरं का. पण तुझं गाणं ऐकलं की माझ्या घशात काहीतरी अडकतं. दिवसभर मग कामात लक्ष लागत नाही. मला पाठवत जाऊ नकोस." मी पाठवणं बंद केलं. पण मग आमच्यात बोलायला काय उरलं? मुलांच्या परीक्षा, पाऊस, कोण आजारी आहे. हळूहळू तेही थांबलं.

भांडण झालं असतं तर माफी मागता आली असती, नाहीतर रागावता आलं असतं. इथे दोन्ही नव्हतं. मी गाणं सोडलं असतं तरी तिचं गाणं परत आलं नसतं. आणि माझं गाणं चालू राहिलं की तिला त्रास. या गणिताला उत्तर नाही, हे कळायला मला बराच काळ लागला. अभियंत्याला उत्तर नसलेला प्रश्न सोसत नाही.

त्या फोननंतर माझा यमन बिघडला. बाकीचे राग ठीक चालत होते. यमनला बसले की तिची आठवण यायची, कारण तो आम्ही एकत्र शिकलो होतो. मी यमन टाळायला लागले. गुरूंच्या लक्षात आलं. त्या फार बोलत नाहीत. म्हणाल्या, "आज यमन टाळलास, उद्या भूपाली टाळशील, तोही शाळेतच शिकलीस ना? महिनाभर दुसरं काही गाऊ नकोस." महिनाभर रोज सकाळी साडेपाचला यमन. पहिला आठवडा नुसता रडण्यात गेला, सूर धड लागत नव्हता. नंतर रडायला कंटाळा आला. मग कधीतरी लक्षात आलं की गंधारावरून तीव्र मध्यमाकडे जाताना मी क्षणभर थांबते, आणि ते थांबणं तिचं आहे. शाळेत ती तिथे थांबायची आणि बाई म्हणायच्या, "बघा, कशी विचारून गेली वर." इतकी वर्षं ते माझ्या गळ्यात होतं आणि मला माहीत नव्हतं. त्या दिवसापासून यमन गाताना घसा दाटत नाही. आठवण येते, ती येऊ देते.

दुःख कमी करायला गाणं हे औषध आहे असं मी सांगणार नाही. तसं पाहिलं तर कित्येकदा गाण्यानेच दुःख वर काढलं आहे. पण रोज ठरल्या वेळेला तानपुरा लावायचा असतो, पंचम जुळवायचा, जोड जुळवायचा, खर्ज जुळवायचा. आता फोनमधल्या ॲपवरही तानपुरा मिळतो, तरी शनिवारी मी खराच लावते. त्या पंधरा मिनिटांत मन कुठे भरकटलं तर तार बेसूर राहते, लगेच ऐकू येतं. दिवसातली तेवढी पंधरा मिनिटं तरी मी गेलेल्यांची यादी करत नाही, एवढा त्याचा उपयोग नक्की झाला.

पण नुसत्या तानपुऱ्यावर माणूस जगत नाही, माणसं लागतात. इथे मला कुमार गंधर्वांची आठवण येते. आपल्या शिरपूरवरून जाणारा मुंबई-आग्रा रस्ता पुढे सेंधवा, इंदूर करत देवासला जातो. ऐन उमेदीत क्षयाने आजारी पडल्यावर १९४८ मध्ये कुमारजी कोरड्या हवेसाठी देवासला राहायला गेले. लहानपणापासून मैफली गाजवलेला माणूस. मुंबईतली देवधर मास्तरांची शाळा, तिथला गोतावळा, सगळं मागे राहिलं. डॉक्टरांनी गाणं बंद करायला सांगितलं होतं. पाचेक वर्षं गाणं नाही. त्यांच्या पत्नी भानुमतीबाईंनी शाळेत शिकवून घर चालवलं आणि त्यांची शुश्रूषा केली. अंथरुणावर पडल्या पडल्या कुमारजी बाहेरून जाणाऱ्या माळव्यातल्या बायकांची लोकगीतं ऐकत राहिले, आणि त्यातून पुढे त्यांचं निराळं गाणं उभं राहिलं. ही गोष्ट पुष्कळांना माहीत असते. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त आवडते. माळव्यात त्यांना नवे जिवलग मिळाले. इंदूरचे संपादक राहुल बारपुते, चित्रकार विष्णू चिंचाळकर. पैकी गवई कोणीच नाही.

मी ते मनावर घेतलं. जुन्या मैत्रीच्या जागी तशीच नवी शोधायला गेलं तर सापडत नाही. वेगळ्या घडणीची शोधली तर सापडते. आज माझ्या रविवारच्या बैठकीत पेटीवर बँकेतून निवृत्त झालेले सत्तरीचे काका असतात. तबल्यावर बावीस वर्षांचा कॉलेजचा मुलगा असतो, तो मला मावशी म्हणतो आणि लय जरा ढळली की भुवई उडवतो. आणि एक शेजारीण येते, तिला सूर-ताल काही कळत नाही. ती लसूण सोलत ऐकते आणि शेवटी म्हणते, "आज लवकर संपवलंस, बरं झालं." तिच्याइतकी खरी दाद मला कुणी देत नाही. आणि उशीर झाला असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक सांगते. वसंतराव देशपांडे यांनी वीसहून अधिक वर्षं लष्करी हिशेब खात्यात कारकुनी केली. 'कट्यार काळजात घुसली' रंगभूमीवर आलं १९६७ मध्ये, आणि त्यातले खाँसाहेब उभे केले तेव्हा वसंतरावांचं वय होतं सत्तेचाळीस. आपण सगळे आज पंचेचाळीसच्या आसपास आहोत. हिशेब तुम्हीच करा.

आता थोडं आपल्या घरातल्या आज्यांविषयी बोलते. मैत्री सुटण्याचं दुःख त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत होतं. तेरा-चौदाव्या वर्षी लग्न, दूरच्या गावी सासर, फोन नाही, बहुतेकींना पत्र लिहिता येत नाही. मैत्रिणी सुटणारच, हे ठरलेलंच होतं. मग त्यांनी काय केलं? आपल्या खान्देशात आखाजी आहे. सासुरवाशिणी माहेरी येणार, निंबाला झोका बांधला जाणार, गौराईची गाणी होणार. पुरुष मंडळी पत्ते कुटत बसतात, सांजोऱ्या आणि आमरस होतो, ते वेगळंच. पण बायकांसाठी आखाजी म्हणजे वर्षातून एकदा नक्की भेटण्याची तारीख. माझी आजी सांगायची, झोक्यावर बसलं की पहिलं गाणं सगळ्या मिळून म्हणायच्या, आणि मगच "काय वं, कशी शेस?" सुरू व्हायचं. वर्षभराच्या अबोल्यानंतर एकदम काय बोलणार? एकत्र गाणं झालं की मग बोलणं सोपं जातं. श्रावणात कानबाईलाही तेच. भाऊबंद एकत्र जमतात, रोट होतात, रात्रभर गाणी चालतात.

म्हणजे आपल्याकडे गाण्याने माणसं तोडली नाहीत, माणसं पुन्हा जोडायचं काम गाण्याकडे दिलेलं होतं. हे मला पुण्यात तिशी उलटल्यावर उमगलं. तेव्हापासून मी आखाजीचा नेम धरला आहे. आखाजीच्या दिवशी सुट्टी टाकते आणि त्या चौदा जणांच्या यादीतल्या जेवढ्यांना फोन लागतो तेवढ्यांना लावते. का नाही केलास, कुठे होतीस, असलं काही विचारायचं नाही. तब्येत कशी, आंबे आले का, एवढंच. पहिल्या वर्षी चौघांनी उचलला. गेल्या आखाजीला आठ जणांनी. तिघांनी तर त्यांच्याकडूनच आधी केला. उरलेल्यांचे नंबर मी काढून टाकलेले नाहीत.

आपल्या तालुक्यात २००४ नंतर नाले रुंद-खोल करून, ओळीने बंधारे बांधून पाणी जिरवलं आणि वर्षानुवर्षं कोरड्या पडलेल्या विहिरींना पुन्हा पाणी आलं. शिरपूर पॅटर्न म्हणून लोक तो बघायला येतात. पण पाणी यायला आधी विहीर शाबूत असावी लागते. रागाच्या भरात माती लोटून बुजवली असती, तर बंधारा कितीही चांगला असून काय उपयोग? म्हणून कुणाचा नंबर काढून टाकायच्या आधी थोडं थांबा, एवढंच माझं म्हणणं.

आमच्या गाण्यात साथ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. विलंबित एकताल अगदी संथ लावला तर एक आवर्तन जवळजवळ मिनिटभर चालतं. गाणारा आलाप करत कुठल्या कुठे जातो. तबलजी त्याच्या मागे धावत नाही. तो आपला ठेका धरून बसतो. त्याला माहीत असतं, हा समेवर येईल. आणि तो आला की दोघे एकमेकांकडे बघून हसतात. सोबत म्हणजे कायम शेजारी असणं. ती सगळ्यांशी जमत नाही. साथ तेवढं मागत नाही, ठेका धरून ठेवला तरी पुरतं. आज आपण सगळे जवळजवळ तीस वर्षांच्या लांब आवर्तनानंतर समेवर आलो आहोत. इतकी वर्षं ज्यांनी ठेका धरून ठेवला, ग्रुप काढला, पत्ते शोधले, रुसलेल्यांना फोन केले, त्या आपल्या संयोजक मित्रांसाठी एकदा टाळ्या झाल्या पाहिजेत.

आणि तरीही आज काही जागा रिकाम्या आहेत. आपल्या तुकडीतले काही जण आता या जगात नाहीत. काही जण गावातच आहेत, पण आले नाहीत. माझी बाकावरची मैत्रीणही आलेली नाही. ती यावी अशी माझी इच्छा होती, आग्रह मी केला नाही. तिच्या न येण्याचा तिला पूर्ण हक्क आहे. उद्या दुपारी मी तिच्या घरावरून जाणार आहे. बोलावलं तर थांबेन, चहा घेईन, गाण्याचा विषय मी काढणार नाही. नाही बोलावलं तर तशीच पुढे स्टँडवर जाईन, गाडी पकडायला. दोन्हीची माझी तयारी आहे. दहा वर्षांपूर्वी नव्हती.

गुरुजनांना एवढंच सांगायचं आहे, की वर्गात मागच्या बाकावर दोन पोरी एकत्र गुणगुणताना दिसल्या तर त्यांना वेगळं बसवू नका. त्या पुढे कुठे जातील, एकमेकींशी बोलतील की नाही, सांगता येत नाही. पण आज गळ्यात जे बसेल ते तिथेच राहणार आहे. बाई, तुम्ही आम्हाला वेगळं बसवलं नाहीत, त्याबद्दल मी आज तुमच्या पाया पडते.

आणि तुम्हा सगळ्यांना एक काम. जेवायला बसण्याआधी, आज इथे नसलेल्या एका तरी माणसाला फोन लावा. उचलला तर विचारा, कसा आहेस. उचलला नाही तर येत्या आखाजीला पुन्हा लावा.

शेव मऊ पडायला लागली असेल.